पाच पॉइंट सहा

उजेड माणसामाणसांत भेद करत नाही. हे थोर सत्य फोटोग्राफरने एका ढगाळ सकाळी, मागच्या अंगणात, थोरल्या सुनेच्या हनुवटीखाली मीटर धरून सिद्ध केलं, आणि तिथूनच सगळं बिनसलं.

मीटर म्हणजे मुठीएवढी डबी. तिच्या डोक्यावर पिंगपाँगचा अर्धा चेंडू बसवावा तशी पांढरी घुमटी. "पाच पॉइंट सहा," फोटोग्राफर स्वतःशीच, पण मोठ्यांदा म्हणाला. मग घुमटी धाकट्या सुनेच्या हनुवटीखाली गेली. "पाच पॉइंट सहा."

दोघींचे चेहरे एकदमच पडले.

कॅमेऱ्याशेजारी सासरे पहारा देत उभे होते. दोन्ही सुना आणि मधोमध आपण, असा एक फोटो दिवाणखान्यात लागावा, एवढीच त्यांची इच्छा होती. धाकटीच्या लग्नापासून तो योग आला नव्हता. एक फोटोला उभी राहिली की दुसरीला गॅसवर काहीतरी करपल्याचा वास येई. आज दोघी एका बाकाच्या दोन टोकांना का होईना, टेकल्या होत्या. आणि रोलमध्ये एकच फोटो उरला होता.

"अहो, नीट मोजा," थोरली म्हणाली. "मी सकाळपासून आरशासमोर आहे. ही आत्ता तोंड धुऊन आलीये."

"आणि तरी मार्क सारखेच! काय ते समजा, जाऊबाई."

इथे फोटोग्राफरने गप्प बसायला हवं होतं. त्याने समजावून सांगितलं.

"वहिनी, हा मीटर चेहरा बघतच नाही. चेहऱ्यावर पडणारा उजेड मोजतो. आज आभाळ गच्च भरलंय, कुठे सावलीच नाही, म्हणून सगळीकडे सारखंच. हे बघा." त्याने मीटर बाकाशेजारच्या पालथ्या बादलीवर धरला. "पाच पॉइंट सहा."

दोघींचे नवरे आपापल्या चपला निरखू लागले.

"बादली?" थोरली म्हणाली.

"आपण आणि बादली?" धाकटी म्हणाली.

थोरली सरकली. धाकटीही सरकली. थोरलीने तिला कवेत घेतलं. "ऐकलंस ना गं? तुला बादली म्हणतोय मेला!"

"मला म्हणू दे. तुम्हाला म्हटलेलं मी खपवून घेणार नाही!"

फोटोग्राफर हाडाचा कलावंत होता. शिव्या खात खात त्याने डोळा कॅमेऱ्याला लावला.

"दाबा, दाबा! आलोच मी!" असं ओरडत सासरे बाकाकडे धावले.

त्याने दाबलं.

फोटो दिवाणखान्यात लावला आहे. उजेड अगदी अचूक आला आहे. डावीकडे थोरली, उजवीकडे धाकटी, मधोमध सासऱ्यांची पाठ.