लॅबवाल्याचा सल्ला

केसांच्या डायमध्ये जे अमाईन नावाचं रसायन पडतं, ते तपासण्यात चांगदेवची मानपाड्याच्या लॅबमध्ये पंचवीस वर्षं गेलेली. त्यामुळे घरात डायचं नाव काढायची सोय नव्हती. "अगं शकू, ते हातावर सांडलं तर आम्ही नळाकडे पळतो, आणि तू डोक्यावर थापणार? पिकले तर पिकले केस!" तरीही कुणी हट्टाला पेटलंच, तर सोसायटीभर त्याचा एकच सल्ला असायचा: आधी कानामागे डायचा ठिपका लावा, दोन दिवस थांबा, खाज सुटली नाही तरच पुढचं बघा.

रविवारी बाळकुमला पुतणीचं लग्न होतं. शकूनं गुरुवारी गुपचूप डायचं पाकीट आणलं. नवऱ्याचं निम्मं ऐकायचं ठरवून तिनं उजव्या कानामागे ठिपका लावला, वरून केस ओढले आणि दोन दिवस तो कान काही त्याच्याकडे फिरू दिला नाही.

शनिवारी सकाळी चांगदेव सोफ्याखालची चप्पल काढायला वाकला, आणि शकूची नजर त्याच्या कानामागे गेली.


"अहो," ती हसू दाबत म्हणाली, "माझे दोन दिवस आज संपले. तुम्ही ठिपका कधी लावलात?"