उद्याचा कागद

चारचा चहा झाला आणि दिनानाथ पुन्हा स्टोअररूममध्ये गडप झाला. तळोज्याच्या त्या शेडमध्ये लोखंडाचे सुटे भाग घडवणारी पाच मशिनं. चार घरघरत होती, पाचवं आ वासून उभं. सखूबाईंनी केबिनच्या काचेतून ते पाहिलं आणि बशीत चहा ओतत म्हणाल्या, "खायला काळ नि भुईला भार! रोज अर्धा तास तिथं काय अंडी उबवतो कोण जाणे."

"जाऊ दे ना, आई." स्वानंदने कॉम्प्युटरवरून मान वर केली नाही.

"का जाऊ दे? तुझ्या बापाच्या वेळचा म्हणून? बाबासो गेले. त्यांच्याबरोबर लाडही गेले."

सखूबाई चौथी नापास. नवरा गेल्यावर तीन वर्षं शेड त्यांच्या जिभेवर चालली, आणि जीभ अशी की भलेभले कारागीर डबा न खाता घरी पळाले. मग स्वानंद खारघरच्या कॉलेजातून शिकून आला. म्हणाला, आता एका मशीनला एकच माल बांधायचा नाही. कुठलाही जॉब कुठल्याही मशीनवर फिरवायचा, आणि कुठला कधी, ते कॉम्प्युटर ठरवणार.

पहिल्या महिन्यात पार बट्ट्याबोळ झाला. हवे ते शाफ्ट करायचे राहिले, नको त्या बुशांचा ढीग लागला. दुसऱ्या महिन्यापासून मात्र जादू झाली. रोज संध्याकाळी प्रिंटरमधून उद्याचा कागद निघायचा, भिंतीवर लागायचा, आणि माल मुदतीच्या आधी गेटबाहेर पडायचा.

सखूबाई आल्यागेल्याला सांगायच्या, "अहो, काय अक्कल त्या डब्याला! दोन नंबरचं मशीन दुपारी तापतं, तर दुपारी त्याला हलकं काम. गोटीरामचा शनिवारी उपास, तर शनिवारी त्याच्या वाट्याला जड माल नाही. पोटच्या पोरांना कळत नाही एवढं!"

स्वानंद तेव्हा जमिनीकडे बघून हसायचा.

त्या दिवशी दुपारी मितेशशेठ शेड बघून गेला होता. वर्षभराचं काम द्यायला तयार होता. जाता जाता एवढंच म्हणाला, "मावशी, पाचांचं काम चारांत होईल. एक माणूस कमी करा, भाव बसतो. परवा अकराला येतो सही करायला."

सखूबाईंनी बशी खाली ठेवली. "विचार तुझ्या कॉम्प्युटरला. कोण जास्तीचा हाय?"

स्वानंदचा चेहरा उतरला. "ते माणसांचं नाही सांगत, आई."

"मशीनचं सांगतं, मग माणसाला काय सोनं लागलंय? मी नाव काढलं तर म्हणतील म्हातारीने डूख धरला. त्याला कुणाची भीड नाही. आज कागदावर नाव पाहिजे. शेवटच्या ओळीत."

स्वानंदने खुर्ची मागे सारली. मग प्रिंटरचा कागद संपलाय म्हणून स्टोअरकडे गेला. रोजच संपायचा. आज त्याला यायला फार वेळ लागला.

सकाळी आठला सखूबाईंनी पाचही जणांना भिंतीपाशी उभं केलं. कारागीर कसले, कोंबड्या विकायला आणल्यासारखे उभे. गोटीरामच्या कपाळावर घाम. नंदकुमारचं तर लग्न होऊन महिनाही झाला नव्हता. तो नुसता चपलांकडे बघत होता.

सखूबाईंनी चष्मा लावला, बोट ठेवून शेवटची ओळ वाचली. "दि... ना... नाथ." आणि असं हसल्या, जणू लॉटरी लागली. "बघा! मी नाही हां, कॉम्प्युटर म्हणतोय."

दिनानाथच्या हातात खडू होता. जॉबवर नंबर लिहायचा आणि खाली दोन रेघा मारायच्या, ही त्याची बाबासोंच्या काळापासूनची खोड. त्याने खडू मशीनवर ठेवला.

"कागदाचं बरोबर आहे, वहिनी," तो म्हणाला. "रोज अर्धा तास मशीन माझंच बंद असतं."

"बरोबर असणारच! तुझ्यासारख्याने थोडाच लिहिलाय?"

"पंचावन्न झाली मला. आता कोण उभं करणार दारात?"

"ते स्टोअरमध्ये झोपा काढताना सुचायचं होतं."

दिनानाथने स्वानंदकडे पाहिलं. स्वानंदला नेमका तेव्हाच फोन आला. वाजला मात्र कुणाला ऐकू आला नाही.

निघताना सखूबाईंनी त्याची पिशवी सगळ्यांसमोर टेबलावर उलटी केली. ड्रिल-बिल चोरून नेईल, म्हणाल्या. डबा निघाला, फडकं निघालं, एक पेन्सिल आणि झिजलेला खोडरबर निघाला.

"बालवाडीत जातोस काय रे?"

पोटासाठी सगळे हसले. गोटीरामही हसला. दिनानाथने एकेक वस्तू पिशवीत भरली आणि घणसोलीच्या आपल्या भाड्याच्या खोलीकडे निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीवर कालचाच कागद होता. चौघं मशिनांपुढे हात बांधून उभे. मितेशशेठ अकराला येणार.

सखूबाई तरातरा केबिनमध्ये शिरल्या. "आजचा कागद कुठाय? उजाडलं की नाही तुझ्या डब्यात?"

स्वानंदच्या पुढे पांढरा पडदा लखलखत होता.

"नाहीये."

"बिघडला काय?"

"ते पहिल्याच महिन्यात बंद पडलं, आई. मला जमलं नाही. मी नुसतं टाइप करत होतो."

"काय टाइप करत होतास?"

त्याने ड्रॉवर उघडला. आत पेन्सिलीने लिहिलेल्या कागदांचा गठ्ठा होता. परवाचा सगळ्यात वर. सखूबाईंनी चष्मा लावला, शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. तिथे आधी गोटीराम लिहून खोडलं होतं. मग नंदकुमार लिहून खोडलं होतं. खोडून खोडून कागद तिथे पातळ झाला होता. त्याच्यापुढे, ठळक अक्षरात, दिनानाथ.

आणि नावाखाली दोन रेघा.