घरातलं तिसरं माणूस

"रुपालीची आई ना तुम्ही? बसा." वकील मधुरा त्रिलोकेकर यांनी फायलीतून डोकं वर न काढताच समोरची खुर्ची दाखवली.

लक्ष्मी बसली. लालबागहून ती बसने ठाकूरद्वारला यायला निघाली होती, पण एक स्टॉप पुढेच उतरली. चालत मागे येताना आपण कुठे निघालोय हेच ती दोनदा विसरली. गेले चौदा दिवस असंच चाललं होतं. चाळीतल्या बायका यायच्या, गळ्यात पडून रडायच्या, निघून जायच्या. हिच्या डोळ्यांतून टिपूस नाही.

"मोफत विधी सेवेतून ही केस माझ्याकडे आलीय, परवाच," मधुराबाई म्हणाल्या. "काल भायखळ्याच्या जेलमध्ये तिला भेटून आले."

"जेवते ना?"

"जेवते. पण बोलत नाही. 'मी मारलं' एवढंच सांगते. का मारलं विचारलं की गप्प. मी निघाले तेव्हा मात्र म्हणाली, आईला सांगा, प्रेशरची गोळी चुकवू नका."

लक्ष्मीने मान हलवली. आज गोळी घेतली होती का, ते तिला काही केल्या आठवेना.

"फाशी देतील?" तिने विचारलं. बाजारात मासळीचा भाव विचारावा तशा आवाजात.

मधुराबाईंनी आता मान वर केली. चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मावशी, नीट सांगते. खुनाचं कलम लावलंय, एकशे तीन. त्याला शिक्षा दोनच, फाशी नाहीतर जन्मठेप. फाशी फार क्वचित होते, ती भीती मनातून काढा. पण खून सिद्ध झाला तर जन्मठेपेच्या खाली न्यायाधीशांना जाताच येत नाही."

"नि सिद्ध नाही झाला तर?"

"मधला एक रस्ता आहे. रागाच्या भरात, समोरच्याने चिथावलं म्हणून हात उठला असं मान्य झालं, तर त्याला खून म्हणत नाहीत, सदोष मनुष्यवध म्हणतात. त्यात पाच-दहा वर्षांवर निभावू शकतं."

"पाच-दहा वर्षं," लक्ष्मी म्हणाली. रुपाली बत्तीस वर्षांची होती.

"फटका एकच आहे, हे आपल्या बाजूने. वरवंटा घरातलाच, ठरवून आणलेला नाही. धनेश दुपारीच पिऊन आला होता, तेही रिपोर्टात आलंय. खोलीच्या कागदांवर सही हवी म्हणून महिनाभर घरात रोज आरडाओरडा चालायचा, असं शेजारी सांगतात. पण मार मागून बसलाय, डोक्यावर. आणि सासूचा जबाब वाईट आहे."

त्यांनी पान उलटून वाचून दाखवलं. माझा मुलगा धनेश जेवायला बसला होता. सून मागून आली आणि काही कारण नसताना तिने डोक्यात वरवंटा घातला.

लक्ष्मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिली. महिना मागचाच होता, कुणी पान फाडलं नव्हतं.

"पोराचं मढं समोर असताना आई दुसरं काय बोलणार?" ती म्हणाली.

"मी तिला दोष देत नाही. पण घरात तीनच माणसं होती. एक गेलं, एक जेलमध्ये गप्प बसलंय. राहिली सासू. सगळी केस तिच्यावर उभी आहे."

"तो जबाब तिला बदलता येतो?"

"पोलिसांपुढचा जबाब शपथेवर नसतो. कोर्टात उभं राहून ती जे सांगेल, ती साक्ष. आधी वेगळं का सांगितलंस म्हणून सरकारी वकील तिला सोलून काढतील, ते वेगळं."

"काढू देत," लक्ष्मी म्हणाली. मग, "पोरगी पुरती सुटेल असं काहीच नाही कायद्यात?"

"आहे. स्वसंरक्षण. जिवावर बेतलं म्हणून मारलं असं दाखवता आलं, तर तो गुन्हाच राहत नाही. मी सगळ्यात आधी तेच बघितलं. पण अटक झाली तेव्हा डॉक्टरांनी तिला तपासलं, मावशी. अंगावर साधा ओरखडा नाही. त्याने तिला हातसुद्धा लावला नव्हता."

"नव्हता लावला."

"मग स्वसंरक्षण म्हणायचं कशावरून?"

लक्ष्मीने पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. खालून वडापाववाल्याच्या कढईतल्या तळणीचा वास येत होता. तिला भूक होती की नव्हती, ते कळत नव्हतं.

"आपला जीव नाही, दुसऱ्या कुणाचा वाचवायचा म्हणून मारलं तर?"

मधुराबाई किंचित हसल्या. दमलेलं हसू होतं ते.

"तरीही चालतं. दुसऱ्याचा जीव वाचवायचाही हक्क आहे कायद्यात. हुशार आहात तुम्ही. पण वाचवायला घरात दुसरं होतं कोण? ती सासूच. पोटचा मुलगा आईच्या जिवावर उठला होता, हे मी कोर्टाला कसं पटवू? आणि ती बाई ते स्वतःच्या तोंडाने कधी कबूल करेल?"

खाली कुणीतरी शटर ओढलं. लक्ष्मीने बोटाभोवतीचा पदर सोडला.

"लिहून घ्या, मॅडम," ती म्हणाली. "माझ्या पोराने, धनेशने, माझा गळा धरला होता."