सरळ रेघ

"अगं, तीच रेघ जरा मोठी करून दे. पाहुणे पूल ओलांडून इकडेच चहाला येतायत, त्यांना दाखवू," साहेब टाय नीट करत म्हणाले.

तिने फाइल उघडली. खिडकीतून नवा पादचारी पूल दिसत होता. फीत नुकतीच कापली होती आणि नदीच्या दोन्ही काठांवरून माणसं नुसती लोटत होती.

समीकरण तिनेच मांडलं होतं, पूल किती हलेल हे सांगणारं दुसऱ्या कोटीचं अवकल समीकरण. डावीकडे पुलाचं वजन, त्याचा ताठपणा, हेलकावे विरवणारं घर्षण. बरोबरच्या चिन्हापलीकडे चालणाऱ्या पावलांचा जोर. सोडवायचं काम सॉफ्टवेअरचं, डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच उत्तर हजर.

आज तिची नजर बरोबरच्या चिन्हापलीकडे गेली. तिथे शून्य होतं.

फाइल चालते का, हे बघायला पहिल्या दिवशी टाकलेलं शून्य. बदलायचं राहूनच गेलं. ज्या पुलावर माणूसच नाही, तो हलेल कशाला? सॉफ्टवेअर बिचारं विचारलं तेवढं सांगून मोकळं झालं. हेलकाव्यांच्या आलेखात आली सरळ रेघ. साहेब खूश, वरचे खूश, सह्या झाल्या. इतकी सरळ कशी आली, हे एकाही माईच्या लालाने विचारलं नाही. तिनेही नाही.

तिने शून्य पुसलं, पावलांचा जोर भरला. रेघ वर गेली, खाली आली, आणखी वर गेली आणि पडद्याबाहेर निघून गेली.

"सर..."

साहेबांचा हात टायवरच थांबला. "कुणाला दाखवलंस का हे?"

तिने फोन हातात घेतला. पुलावरच्या सुरक्षारक्षकाचा फोन वाजून वाजून बंद झाला. मग तिने वडिलांना लावला. ते सकाळीच कडक इस्त्रीचा शर्ट घालून पुलापाशी जाऊन उभे राहिले होते.

"बाबा, कुठे आहात?"

"मधोमध! काय गर्दी आहे गं! आणि पूल कसा झुलतोय म्हणून सांगू! सगळे एका तालात चाललेत, पोरं नुसती खिदळतायत."

"बाबा, नीट ऐका. लोकांना थांबवा. तुम्ही हळूहळू काठाकडे निघा. पूल धोक्याचा आहे."

बाबा हसले. शेजारच्या कुणाला तरी सांगू लागले, "माझी लेक हो. हा पूल हिच्याच डोक्यातला. आता बापालाच घाबरवतेय!"

"बाबा, माझं चुकलंय हो!"

"तुझं कसं चुकेल? केसभरही हलणार नाही, असं तूच म्हणालीस ना? चल, खिडकीत ये बघू. मी हात करतो."

ती धावतच खिडकीपाशी गेली. पुलाच्या मधोमध गर्दीतून एक हात उंचावलेला दिसला. तो वर गेला, खाली आला, आणखी वर गेला.