टाकलेला दोर

मार खाऊन आलेल्या घोडीला सगळे भित्रीच म्हणायचे. घोडे शिकवणाऱ्यानं चाबूक खुंटीला टांगला आणि नुसत्या दोरावर तिला आपलंसं केलं. तो चालला की ती चालायची, थांबला की थांबायची. दोर जमिनीवर टाकला, तर परत उचलेपर्यंत जागची हलायची नाही. "मी तरी तुमचं एवढं ऐकते का?" बायको हसायची. तबेल्याला आग लागली तेव्हा त्यानं आधी भित्रीलाच बाहेर काढलं, भिंतीपाशी दोर टाकला आणि बाकीच्यांना सोडवायला आत धावला. सुटलेले घोडे वाट फुटेल तिकडे उधळले. तेवढ्यात छपरासकट भिंत तिच्यावर कोसळली. आग विझल्यावर बाकीचे माळावर धडधाकट सापडले. "हिला तर बांधलंही नव्हतं. ही का नाही हो पळाली?" बायकोनं विचारलं. विटांखालून दोराचं टोक दिसत होतं. वाकून त्यानं ते उचललं. "चल बाई आता."