खोटं बोलायची परवानगी

“तू आता गुन्हा कबूल करून टाक,” फोन तोंडाशी घट्ट धरून बाप म्हणाला.

जाड काचेपलीकडे मुलगा फोन कानाला लावून बसला होता. त्याच्या मागे बंदूकवाला जवान उभा होता. लाइनवर आणखी कुणी ऐकत असणारच. ऐकेना का! बापाला आता कशाचीच भीड उरली नव्हती.

हाच बाप एकेकाळी पोराच्या एका थापेपायी त्याला बदडून काढायचा. गवंडी माणूस. ओळंब्यात नसलेली भिंत आणि घरातलं खोटं, दोन्ही त्याला खपायचं नाही.

पोराने केलं तरी काय होतं? दुकानात आलेला एक मोबाइल दुरुस्त करून दिला, एवढंच. तो निघाला भलत्याच माणसाचा, एका बंडखोराचा. लष्कराने संशयित म्हणून पोराला उचललं ते उचललंच. खटला नाही, तारीख नाही. विचारायला गेलं की म्हणे चौकशी चालू आहे. कसली चौकशी अन् कसलं काय!

“आपल्या गल्लीतला ड्रायव्हर आठवतो ना? तुझ्यानंतर धरलं त्याला. लष्करी कोर्टापुढे म्हणाला, बंडखोरांना गाडीतून मीच पोचवलं. शिक्षा झाली, भोगली, परवा घरी आला! दारात बसून नातीला खेळवतोय. शिक्षेला शेवट तरी असतो रे. तुझी आत गेलेली वर्षंही त्यात धरतील, वकील म्हणाले.”

“खोटं बोलू, बाबा?”

“बोल. खुशाल बोल. पाप माझ्या माथी.” बाप काचेजवळ सरकला. “तुझी आई अंथरुणाला खिळलीय. डॉक्टरांनी हात टेकले. तिचे डोळे मिटायच्या आत घरी ये, बाळा.”

मुलाने मान खाली घातली. आपण पोराला नको ते सांगून बसलो, असं बापाला वाटलं आणि तो फार कळवळला.

“बाबा, मी कधीचाच कबूल झालोय,” मुलगा हळूच म्हणाला. “तुम्हाला सांगायची लाज वाटत होती. इथल्या लष्करी साहेबांचे पाय धरले. म्हणालो, सगळं मीच केलं, मला कोर्टात उभं करा.”

“मग?”

“साहेब म्हणाले, तुझ्यावर आरोपच नाही, तर कबूल काय होतोस?”