थांबायची खूण

सिरसाळ्याच्या बाजारात घिसाड्याचं पाल होतं. नवरा सांडशीत तापलेला फाळ धरी, बायको दोन्ही हातांनी घण घाली. तिला थांबवायचं तर तो हातोडीनं रिकामी ऐरण वाजवी. अठरा वर्षं तेवढी एकच खूण. त्या दिवशी जहागीरदाराचा शिपाई डोक्यावर उभा राहून ओरडला, “जल्दी कर बे!” सांडशी निसटली आणि घाईत, ऐरण न वाजवताच, नवऱ्यानं डावा हात पुढं घातला. तिनं पाहिलं. हात आवरले, दंडाच्या शिरा तटतटल्या. पण घण डोक्यावरून पुढं आला होता. “कावून न्हाई थांबलीस?” रक्ताळलेलं फडकं गुंडाळत त्यानं विचारलं. “मी थांबलेच व्हते. घण न्हाई थांबला.” सांडशी धरणारा हात गेला, भट्टी विझली. आता तो उजव्या हातानं ऐरण वाजवत बसतो. दर वेळी भाकरी थापणारे तिचे हात थांबतात. अगदी वेळेवर.